अकराजणींचं एकच खातं

मंगळवारी सकाळी देवपूजा आटोपून वर्षाराणीने मोबाइल हातात घेतला. निरांजन अजून तेवत होतं. गेले वीस दिवस तिचा हाच नेम होता: आधी दत्तमहाराजांना फूल, मग ज्ञानकोशात अकरा बदल, आणि मग चहा. आज रोजचं पान उघडलंच नाही. त्याच्या जागी तांबड्या कडेची एक चौकट आली.

'हे खाते संपादन करण्यापासून रोखण्यात आले आहे. कारण: एकाच खात्याचा अनेक व्यक्तींकडून वापर, हेतुपुरस्सर संख्या वाढवणे.'

तिने ते तीनदा वाचलं. 'रोखण्यात आले आहे' हे शब्द तिने आजवर महापालिकेच्या नोटिशीतच पाहिले होते, तेही दुसऱ्याच्या दाराला चिकटवलेल्या. 'हेतुपुरस्सर'पाशी तर ती अडलीच. चोरी करताना धरल्यावर लावतात तसा हा शब्द.

दाराशी बूट चढवत असलेल्या आकारामने, तिच्या नवऱ्याने, मान वर केली. तो दूध संघात होता, आणि चहा मिळाल्याशिवाय त्याचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नसे.

"काय गं, त्वांड का उतरलंय?"

"काय न्हाय. रेंज न्हाय."

"रेंज न्हाय म्हणून एवढं? चा ठेव की मग."

तिने चहा ठेवला. दूध उतू गेलं, तेही तिला वासावरून कळलं.

वर्षाराणी चौगुले ही फुलेवाडीतली, तिसऱ्या स्टॉपच्या आतल्या गल्लीतली एक साधी बाई. वय एकोणपन्नास, शिक्षण बारावी. गुरुवारचा उपवास आणि पौर्णिमेची नृसिंहवाडी तिने कधी चुकवली नाही. गल्लीत कुणाचं बाळंतपण असो की बारसं, ओटी भरायला हिचा हात पुढे. ज्ञानकोशाच्या नादाला ती लागली ती मुलीमुळे. स्नेहलच्या कॉलेजात एकदा दिवसभराचं शिबिर होतं, सोबत म्हणून आई गेली आणि सोबतच शिकून आली. इंटरनेटवर मराठीत एक मोठा ज्ञानकोश आहे, तो कुणा एका पंडिताने लिहिलेला नाही, ज्याला जे ठाऊक आहे त्याने ते त्यात घालायचं, बिनपैशाचं. हे ऐकून तिला पहिल्यांदा वाटलं, ही तर सेवाच झाली की. शिबिरातल्या मॅडम शेवटी म्हणाल्या, "लिहिणाऱ्या बायका आमच्याकडे फार कमी आहेत हो. तुमच्या भागातून दहाबारा जणी आणाल का?" आणि वर्षाराणी "आणतो की" म्हणून बसली. शब्द दिला तो तिथे.

तो शब्द पाळताना तिला घाम फुटला होता. भजनी मंडळातल्या बायकांना तिने दत्तमंदिराच्या हॉलमध्ये बोलावलं. पहिल्या दिवशी चौदाजणी आल्या. भडंग खाल्लं, चहा प्याल्या आणि विचारलं, "ह्याचं मिळतंय काय?"

"काय मिळत न्हाय. ज्ञान वाढतंय."

"कुणाचं?"

"वाचणाऱ्याचं."

"मग वाचणाऱ्यानं लिवावं की," असं एकजण म्हणाली आणि सगळ्या हसल्या. पुढच्या खेपेला तिघी आल्या. त्यातली एक चुकून आली होती, तिला हळदीकुंकू आहे असं वाटलं होतं.

त्या पौर्णिमेला वर्षाराणी नृसिंहवाडीला गेली. पादुकांचं दर्शन घेऊन घाटावर बसली तेव्हा बाजूला दोन बायका नामाच्या वह्या लिहीत होत्या. चौकटीत नाव लिहायचं, पुढच्या चौकटीत पुन्हा तेच नाव. पान भरलं की आकडा घालायचा. कुणी त्यांना मिळतंय काय म्हणून विचारत नव्हतं. वर्षाराणी बराच वेळ बघत राहिली. घरी आली ती ठरवूनच.

तिने मंडळात संकल्प सोडायला लावला. कार्तिकी पौर्णिमेपासून दत्तजयंतीपर्यंत, महिनाभर, रोज प्रत्येकीने ज्ञानकोशात अकरा बदल करायचे. 'प्रकाशित करा' हे बटण एकदा दाबलं की एक. वहीत रेघ ओढायची. आणि काय आश्चर्य, अकराजणी उभ्या राहिल्या.

खातं उघडायची वेळ आली तेव्हा शांतव्वा म्हणाली, "देवाच्या कामाला आपलं नाव कशाला लावायचं, तंगी? मंडळाचंच लाव." शांतव्वा मंडळात सगळ्यांत मोठी, सदुसष्ट वर्षांची. तिचं माहेर सीमेपलीकडचं, म्हणून धाकट्या बहिणीसारख्या बाईला ती कानडीत तंगी म्हणायची. गळ्यात लिंगायताचं लिंग, आणि दर गुरुवारी दत्ताच्या भजनाला टाळ धरायला पहिली. ती बोलली की विषय संपायचा. तसं 'दत्तसेवा फुलेवाडी' या नावाचं एकच खातं निघालं. त्याचा पासवर्ड कागदावर लिहून हॉलमधल्या तसबिरीमागे खोचला. जिला लागेल तिने बघून घ्यावा.

त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनात आलं नाही. मंडळाच्या टाळांवर तरी कुठं कुणाचं नाव असतं?

पण दुसरी गोष्ट वर्षाराणीला ठाऊक होती. शांतव्वा हुग्गीवर लिहीत होती. तिच्या माहेरी जत्रेला मोठ्या काहिलीत शिजणारी गव्हाची खीर, तिच्यावर ज्ञानकोशात एक ओळ नव्हती. शांतव्वाने 'हुग्गी' लिहिलं आणि बटण दाबलं. वहीत रेघ. 'हा' लिहिलं, बटण दाबलं. रेघ. 'गव्हाचा', रेघ. वाक्याच्या शेवटी टिंब दिलं, त्याचीही रेघ. तिचं बघून सगळ्यांनी तेच धरलं. निशिगंधा, कबनूरची माहेरवाशीण, मागाच्या खडखडाटात वाढलेली आणि म्हणूनच आवाज कायम वरच्या पट्टीत, ती यंत्रमागावर लिहायची. ती तर एकेक वेलांटी वेगळी प्रकाशित करायची. वर्षाराणीने हे पाहिलं होतं. असं करायचं नसतं हेही तिला शिबिरात सांगितलं होतं. पण बायका रोज येत होत्या, मन लावून लिहीत होत्या, आणि आता टोकलं तर विस्कटतील, या भीतीने ती गप्प बसली. 'हेतुपुरस्सर'पाशी ती अडली ती याचसाठी.

अकरा वाजता निशिगंधाचा फोन आला.

"काकू, ते चालंना झालंय. तांबडं काय तर येतंय."

"व्हय, दुरुस्तीला काढलंय," वर्षाराणी म्हणाली. तोंडातून निघून गेलं.

"कुणी?"

"त्यांनीच. वरनं."

"किती दिस?"

"होईल दोनचार दिसांत."

फोन ठेवला आणि तिची नजर देवघराकडे गेली. संकल्पाचे दिवस आणि खोटं बोलली. पदराने हात पुसले, कोरडेच होते, तरी पुन्हा पुसले. आणि खोट्याचं असं असतं की ते एकीला सांगून भागत नाही. दुपारपर्यंत तेच तिने सहाजणींना सांगितलं. प्रत्येक वेळी दुरुस्ती थोडी मोठी होत गेली. शेवटी एकीला तिने सांगितलं, तार तुटलीय.

बुधवारी ती मुद्दाम शांतव्वाच्या घरी गेली. म्हटलं निदान हिला खरं सांगावं. शांतव्वा सोप्यात पाटावर बसून वहीत काहीतरी लिहीत होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"काय करालाय आक्का?"

"अकरा करालोय. त्यांचं बंद हाय म्हणून आपला संकल्प मोडायचा व्हय? हितं लिवून ठेवतो. दुरुस्त झालं की उतरू." तिने वही पुढे केली. 'काहिलीखाली बाभळीचं लाकूड घालतात. लवकर आंच धरत न्हाय पण धरली की सोडत न्हाय.' पानभर सलग, एका हाताने लिहिलेलं. "लिवताना आठवाय लागलं बघ. माझी अव्वा, म्हंजे आई गं, काहिलीत उलातनं घालायची, तवा तिचे हात कोपरापर्यंत लाल व्हायचे. हे चालतंय का गं त्यात?"

"चालतंय की," वर्षाराणी म्हणाली. खरं सांगायचं तोंडाशी आलेलं परत गिळलं. ही वही आता कुठे उतरवायची? खातं कायमचं बंद झालं आणि पानंच काढून टाकली तर? ज्या बाईने 'नाव कशाला' म्हणून मंडळाचं नाव घातलं, तिलाच सांगायचं की त्या नावानेच घात झाला?

संध्याकाळी स्नेहल कॉलेजातून आली तेव्हा आई तांदूळ निवडत होती. निवडलेल्या तांदळातले खडे तसेच होते.

"आई, काय झालंय ते सांग."

वर्षाराणीने फोन दिला. स्नेहलने वाचलं, वर-खाली सरकवलं आणि म्हणाली, "अगं, खाली लिहिलंय की. काही म्हणायचं असेल तर चर्चापानावर लिहा. लिहिलंस?"

"कुणाला लिवू? कोण हाय तो?"

"प्रचालक. म्हणजे राखण करणारे. ते पण तुझ्यासारखेच, बिनपगारी."

"बिनपगारी माणूस एवढं तांबडं कशाला दाखवतोय?"

तरी तिने लिहिलं. स.न.वि.वि. घातलं, मंडळाची स्थापना कधी झाली ते घातलं, संकल्पाचं सगळं घातलं. एकेक शब्द वेगळा कसा प्रकाशित केला आणि ते बघूनही आपण कशा गप्प राहिलो, हेही घातलं. 'चूक माझी आहे, बायकांची नाही. त्यांची पाने काढू नयेत ही नम्र विनंती' असं शेवटी लिहिलं आणि फोन पालथा ठेवला. भाकऱ्या थापताना दर भाकरीला एकदा उलटून बघत होती. पाचव्या भाकरीला उत्तर आलं.

'नमस्कार. एकाच मिनिटात तीन वेगवेगळ्या पानांवर एकेक शब्द येत होता. मला वाटलं, कुणीतरी यंत्र सोडलं आहे.'

वर्षाराणीने पिठाच्या बोटानेच लिहिलं, 'यंत्र नाही. त्या वेळी शांतव्वा, निशिगंधा आणि मी होतो.'

थोड्या वेळाने आलेलं उत्तर लांब होतं. पानं ठेवतो, त्याने लिहिलं होतं. माहिती चांगली आहे, पुरावे जोडा. पण मंडळाचं खातं परत उघडणार नाही. कोणी काय लिहिलं हे त्या त्या व्यक्तीला विचारता आलं पाहिजे, सगळ्या एका नावामागे उभ्या राहिल्या तर विचारायचं कुणाला? प्रत्येकीने स्वतःचं खातं काढावं. टोपणनावही चालेल. आणि बदलांची संख्या मोजणं कृपया थांबवा. आणखी एक, एका वायफायवरून दिवसात सहाच नवी खाती उघडतात, तेवढं लक्षात ठेवा.

पानं राहणार हे वाचून तिने डोळे मिटून हात जोडले. डोळे उघडल्यावर बाकीचं पुन्हा वाचलं, आणि जीव जो हलका झाला होता तो पुन्हा जड झाला. ज्या दोन गोष्टींवर अकराजणी आल्या होत्या, मंडळाचं नाव आणि वहीतली रेघ, त्या दोन्ही गेल्या. आता त्या येतील कशाला?

गुरुवारी उपवासाचंही तिला काही खाववलं नाही. भजनाला ती नेहमीपेक्षा मागे बसली. आरती झाली, प्रसाद वाटला, बायका टाळ पिशवीत घालू लागल्या तेव्हा ती उठून उभी राहिली.

"दोन मिनिटं बसा. मला सांगायचंय."

आणि तिने सांगितलं. दुरुस्ती नाही, तार तुटलेली नाही. खातं बंद केलंय, आणि मी मंगळवारपासून तुम्हाला खोटं सांगतोय.



"म्हंजे तीन दिस आमास्नी गंडवलासा," निशिगंधा म्हणाली. "मी सासूला सांगितलंय, तार तुटलीया. ती म्हणाली कुठली तार, मी म्हटलं समुद्रातली."

एकदोघी हसल्या. निशिगंधा हसली नाही.

"चुकलं माझं," वर्षाराणी म्हणाली.

"आणि रेघा? माझ्या दोनशे वीस झाल्यात. त्या कुठं गेल्या?"

"लिवलेलं हाय तसंच हाय. फकस्त मोजायचं न्हाय म्हणालेत."

"मोजायचं न्हाय तर संकल्प कसला?"

वर्षाराणीने पुढचं काढलं. तिने नावाचं सांगितलं. प्रत्येकीने आपलं वेगळं खातं काढायचं. त्यावर कुजबुज वाढली. एकजण म्हणाली, "आमच्या घरात मतदार यादीत नाव आलं तरी दीर चारदा विचारतोय, ह्यात कशाला?" दुसरी काही न बोलता पिशवी उचलून निघाली. तिच्यामागे आणखी दोघी. चपला शोधण्याचा आवाज आला, मग तोही थांबला. राहिल्या आठ. वर्षाराणीने मनात मोजलं आणि मोजल्याबद्दल स्वतःलाच दटावलं.

शांतव्वा अजून काही बोलली नव्हती. तिची वही मांडीवर होती. वर्षाराणीला सगळ्यांच्या रागाचं चाललं असतं, हिच्या गप्प बसण्याचं भय वाटत होतं.

"आक्का, तुमी काय तर बोला."

"काय बोलू? मीच म्हणालोतो मंडळाचं लाव."

"तसं न्हाय आक्का."

"तसंच हाय." शांतव्वाने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. "त्यो काय म्हणाला? कुठलं बी नाव चालतंय?"

"व्हय. टोपणनाव बी चालतंय."

"माझं एक नाव हाय." ती म्हणाली. "लगीन झालं तवा सासूचं नाव आणि माझं नाव एकच निघालं. एका घरात दोन नीलव्वा कशा चालायच्या? म्हणून ताटात तांदळावर शांतव्वा लिवलं. तवापास्नं शांतव्वाच. नीलव्वा म्हणून हाक मारणारी माझी अव्वा होती, ती बी गेली. ते नाव पडून हाय नुसतं. ते चालंल का?"



"देवाला आपलं नाव नको म्हणालो मी, ते शांतव्वाचं," शांतव्वा म्हणाली. "हुग्गी तर नीलव्वानं बघितलीया."

वर्षाराणीने तिच्या शेजारी बसकण मारली. हॉलमध्ये रेंज धरत नव्हती, म्हणून फोन तिथल्या वायफायला जोडला. 'नीलव्वा' टाइप करताना तिचं बोट दोनदा चुकलं. बटण दाबलं, चाक फिरू लागलं, फिरतच राहिलं. हे नाव आधीच कुणीतरी घेतलेलं असलं तर? जगात काय एकच नीलव्वा असेल?  चाक थांबलं. 'स्वागत आहे, नीलव्वा.'

शांतव्वाने स्क्रीन जवळ धरून ते वाचलं. मग पुन्हा वाचलं, ओठ हलवत, आवाज न करता.

त्यानंतर एकेक पुढे झाली. कुणी माहेरचं नाव घातलं, कुणी गावाचं. दिरावरून बोललेल्या बाईने मुलीचं लाडाचं नाव घातलं आणि म्हणाली, "आता विचारू दे की त्याला." पाच झाल्या. सहावी वर्षाराणी स्वतः. तिने घाईघाईत आपलंच नाव घातलं, आणि खातं उघडल्यावर तिच्या लक्षात आलं, इतका वेळ मागे हात बांधून उभी असलेली निशिगंधा आता पुढे आली होती.

"माझं घाला. मागवाली."

बटण दाबलं. 'आज या ठिकाणाहून आणखी खाती उघडता येणार नाहीत.'

वर्षाराणीने ते वाचलं. सहाच, हे तिला ठाऊक होतं; सांगितलंही होतं त्याने. आणि सहावी जागा तिने स्वतः घेतली होती. तीन दिवस फसवलं, आणि आता दारातून परत पाठवलं. "निशिगंधा, माझं चुकलं गं. आज सहाच होत्यात म्हणं एका वायफायवर. उद्या."

निशिगंधाने तिच्याकडे बघितलं. "आता ही कुठली तार?"

"खरं सांगतोय. बघ, लिवलंय."

निशिगंधाने वाचलं. पदर कमरेला खोचला. "उद्या साडेचारला येतो. हॉलची किल्ली घिऊन या, मागल्या खेपेसारखं इसरू नका," आणि ती गेली. तिच्यामागे अजून नाव न मिळालेली दुसरी बाईही गेली. येतील का उद्या, वर्षाराणीला सांगता येईना. किल्ली कुठं ठेवलीय तेही आठवेना.

शांतव्वा तिथेच बसली होती. तिने वही उघडून वर्षाराणीपुढे धरली. "हे घाल तेवढं. माझ्या नावावरनं."

वर्षाराणी टाइप करू लागली. काहील, बाभळीचं लाकूड, लाल झालेले हात. सवयीने पहिल्या शब्दानंतर तिचं बोट बटणाकडे गेलं.

"ते नको दाबू," शांतव्वा म्हणाली. "सगळं झालं की दाब."

अर्धा तास लागला. हाताचं राहू दे का, असं वर्षाराणीने विचारलं, पुरावा मागतील. शांतव्वा म्हणाली, मागू देत, मी सांगतो. मग तिने स्वतः बोट लावून बटण दाबलं. पान एकदा पांढरं झालं आणि परत आलं, सगळं जागच्या जागी.

शांतव्वाने पेन काढून वहीत एक रेघ ओढली. वर्षाराणी काही म्हणेल म्हणून तिच्याकडे बघितलं, आणि वही मिटली.